चार खांद्यांची परवानगी

नाथाजी फिटरची तिरडी गावाबाहेर पडताच फौजदारांनी अडवली.

“आज कुणाची?” त्यांनी विचारलं.

“नाथाजीची, साहेब,” पुढचा खांदा धरलेला दिलावर म्हणाला. “आज खरी हाय.”

फौजदारांना ते पटणं अवघड होतं. साखर कारखान्यात महागाई भत्त्यासाठी संप चालू होता. गेल्या आठवड्यात अशीच एक तिरडी निघाली, तेव्हा त्यांनी टोपी काढून वाट दिली होती. गेटापाशी पोचल्यावर तिच्यातून मॅनेजरचा पेंढ्याचा पुतळा निघाला आणि कामगारांनी तो तिथंच जाळला. वरिष्ठांनी फौजदारांना झापलं, जमावबंदी लागली. तो पुतळा इतका हुबेहूब बांधला होता नाथाजीनंच.

हवालदार सयाजीनं तोंडावरचं कापड बाजूला केलं, पाहिलं, परत नीट झाकलं.

“खरंच गेलाय, साहेब.”

“बरं. पण चौघंच जातील. पाच झाले की जमाव.”

“चौघं खांद्याला. मग विस्तवाचं मडकं कोन धरनार?”

“तिघांनी उचला.”

“तिरडीला चार टोकं असत्यात, साहेब,” दिलावर म्हणाला. “तिपाई न्हवं ती.”

नाथाजीला मुलगा नव्हता. मडकं त्याच्या मुलीनं, राहीनं धरलं होतं. ती हळू म्हणाली, “आबा सांगून गेल्यात, साहेब. नुसत्या घरच्या चौघांवर नगं, समद्या कारखान्याच्या खांद्यावरनं न्या. तेवढंच मागितलं त्यांनी.”

“तुमच्या आबांनी आधीच पुष्कळ केलंय.”

तोड सयाजीनं काढली. “बाई लांबनं म्होरं चालंल, साहेब. तिला जमावात धरायचं न्हाई. बाकीचे रस्त्याकडंला चौघं-चौघं ऱ्हातील, अंतर सोडून. ह्ये दमलं की म्होरचे घेतील.”

फौजदारांनी मान हलवली. त्यांना वाटलं, असतील पाच-सहा टोळकी. नदीचा रस्ता गेटावरूनच जात होता, आणि त्या रस्त्याला सगळा कारखाना चौघाचौघांनी उभा होता. गेटाजवळ फिरकायला ज्यांना बंदी, ते चार पावलं खांदा देत गेटासमोरून गेले. घोषणा एक नाही. प्रत्येक खांदेपालटाला फौजदार मोजत होते. चारच. कायदा कुठंच मोडत नव्हता, आणि तिरडी काही पुढं सरकत नव्हती.

राही एकटीच पुढं होती. बापाच्या मयतीला तिला जमावात धरलं नव्हतं. मडक्याचा धूर डोळ्यांत जात होता, ते बरंच होतं.

नदीच्या उतारावर म्हाताऱ्या बिराप्पाचा पाय घसरला. तिरडी कलली. पुढचे चौघं अजून खाली, पाण्याजवळ होते. मागं कुणीतरी धावलं आणि तिरडी सावरली.

“साहेब,” सयाजीचा आवाज आला, “बिराप्पा बी हायच खांद्याला. तुमी धरून पाच झालं.”

“गप चल.”

मडकं धरणाऱ्यानं मागं बघायचं नसतं. राहीनं बघितलं नाही. अनवाणी पावलांत एक बुटांची जोडी चालत होती, तेवढं तिला ऐकू येत होतं. उतार संपला तरी ती जोडी थांबली नाही.