अण्णांचं जपानी

आमच्या शेजारचे अण्णा जपानी पुस्तकं वाचतात. जपानी त्यांना येत नाही. ही अडचण आहे असं आजवर फक्त मलाच वाटलेलं आहे.

अण्णा बोटीवर इंजिनियर होते, वर्षातले नऊ महिने समुद्रावर. निवृत्त होऊन आले ते एक जपानी व्हिडिओ गेम आणि त्याच कथेची पस्तीस चित्रपुस्तकं घेऊन. एक अंतराळयान, त्यावर सात माणसं, आणि पृथ्वीकडे परतायची वाट कोणालाच सापडत नाही. पासष्टीचा हा माणूस दाढीच्या आधी टीव्हीसमोर बसून उल्का फोडतो. अंगणात आंब्याच्या पेट्या भरायला गडी खोळंबलेले, आणि आतून आरोळी, "थांबा रे, इंजिन तापलंय!"

ही पुस्तकं शेवटच्या पानाकडून उघडायची असतात. अण्णा आता सगळंच तसं उघडतात. माझ्या मुलीची लग्नपत्रिका मागून वाचून म्हणाले, "आधी जेवणाची वेळ, मग नवरामुलगा. क्रम बरोबर आहे."

खरा कहर संवादांचा. चित्रांतल्या फुग्यांमधलं जपानी त्यांनी व्हाइटनरने पुसलं आणि पेन्सिलीने मराठी लिहिलं. मनानेच! त्यामुळे मंगळापलीकडे कॅप्टन ओरडतो, "मेल्या, व्हॉल्व्ह काय तुझा बापूस बंद करणार?"

"अण्णा, मूळ कथा भलतीच असली तर?"

"वहिनी, जगातल्या सगळ्या बोटींवर हेच बोलतात. जपानी काय वेगळं बोलणार?"

यानावर नकाशे बघणारी एक बाई आहे. ती चौतीस भाग कॅप्टनला एकच सांगते, "अहो, कानटोपी." तीही जिथे वारासुद्धा नाही अशा पोकळीत! मी हसून बेजार झाले. मग थांबले. अण्णांची बायको शालन त्यांना निघताना हेच सांगायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

परवा अण्णा शेवटचा भाग घेऊन आमच्या दोन अंगणांमधल्या दगडी गडग्याशी आले. चित्रात कॅप्टन छोट्या यानातून एकटाच निघालेला, ती काचेआड उभी. फुगा कोरा. खोडून खोडून तिथला कागद झिजला होता.

"तो लांब गेलाय, त्याला ऐकू येत नाही," अण्णा म्हणाले. "आता ती काय म्हणेल? माझ्यासमोर बोलायची तेवढं चौतीस भागांत संपलं. माझ्या माघारी ती तुमच्याशीच बोलायची ना?"

बोलायची. अण्णांची रिक्षा वळणाआड गेली की शालन याच गडग्याशी यायची. "गेले एकदाचे. उद्यापासून रोज खारातल्या गऱ्यांची भाजी." मिठात मुरवलेल्या त्या फणसाचा अण्णांना वाससुद्धा सोसत नाही. आणि मग चार दिवस तिच्याकडे गॅस पेटायचा नाही. डबा मीच द्यायचे.

मी त्यांना गऱ्यांपर्यंतचंच सांगितलं. अण्णा खो खो हसले, गडग्यावर पुस्तक ठेवून अक्षर न अक्षर लिहून घेतलं. मग पेन्सिल कानावर अडकवत त्यांनी विचारलं, "करायची का हो खरंच?"

"रोज," मी म्हटलं. "मिटक्या मारत खायची."