बिनहातोड्याचं बेअरिंग

“आजपासून या वर्कशॉपमध्ये हातोड्याला काम नाही!” जावयाने जाहीर केलं आणि सासऱ्यांचा चाळीस वर्षांचा हातोडा शेजारच्या आइसक्रीमवाल्याला देऊन टाकला. बर्फ फोडायला!

सासरे मुळातच माणसांशी कमी आणि मशीनशी जास्त बोलत. निवृत्त व्हायचं त्यांनी ठरवलं होतं, पण वर्कशॉपच्या किल्ल्या कमरेवरून काही उतरत नव्हत्या. नोकरी सोडून आलेला जावई सहा महिने त्या कमरेकडे आशेने बघत होता. तेवढ्यात लोखंड कातायची मोठी लेथ कण्हायला लागली.

“स्पिंडलची बेअरिंगं गेली,” सासरे म्हणाले. “आज बदला. मी पाचला येतो. नीट झालं, तर किल्ल्या तुमच्या. नाही झालं, तर लेथ विकतो. तुम्ही नोकरी शोधा.”

स्पिंडल म्हणजे लेथच्या पोटात फिरणारा जाड दांडा. बेअरिंग त्याच्यावर किती घट्ट बसतं? लग्नातली अंगठी वीस वर्षांनी बोटातून काढून बघा, म्हणजे कळेल. मागची पिढी ते ठोकून बसवायची. जावयाकडे विज्ञान होतं. दांडा गोठवला की आकसतो, बेअरिंग तेलात तापवलं की फुगतं.

“मग लोण्यात सुरी जावी तसं सरकतं! दहा सेकंदांत!” त्याने बायकोला समजावलं.

बायको याच वर्कशॉपमध्ये लोखंडाच्या किसात खेळत मोठी झाली होती. “बाबा काढलेल्या प्रत्येक भागाला नंबर लिहून चिठ्ठी बांधतात,” ती म्हणाली. “बसवताना मग उलट्या क्रमाने…”

“अगं, सगळं डोक्यात आहे!”

तरी तिचं मन राखायला त्याने एकट्या स्पिंडलला चिठ्ठी बांधली: ‘आज सकाळी नऊला काढला. हात लावू नये.’ मग तो पांढऱ्या चादरीत गुंडाळून दोघांनी आइसक्रीमवाल्याच्या आडव्या फ्रीजरमध्ये तळाशी निजवला. आइसक्रीमवाला नव्या हातोड्याच्या खुशीत होता. दुपारी तो बायकोला गल्ल्यावर बसवून माल आणायला गेला. फ्रीजरबद्दल तिला सांगायचं तेवढं राहून गेलं.

तीन वाजता शेजारून किंकाळी ऐकू आली!

जावई धावला. दुकानात एक जाडजूड मास्तरीणबाई फ्रीजरचं झाकण धरून उभ्या होत्या. चेहरा व्हॅनिलासारखा! त्यांच्या मागे आइसक्रीमवाली, हातात तोच हातोडा उगारून!

“आत माणूस आहे!” मास्तरीणबाई ओरडल्या. “चादरीत! पायाला चिठ्ठी बांधलीय! वेळसुद्धा लिहिलीय!”

“आणि आमचे हे दुपारपासून फोन उचलत नाहीयेत हो!” आइसक्रीमवालीने हंबरडा फोडला.

“घाबरू नका, मीच ठेवलाय तो!” जावई म्हणाला.

धीर देण्याचे याहून बरे मार्ग असावेत. दोघी भिंतीला चिकटल्या. हातोडा आणखी वीतभर वर गेला.

त्याने घाईघाईने चादर सोडली. आतून निघालं ते पांढरं हिम धरलेलं लोखंड! मास्तरीणबाईंच्या जिवात जीव आला, आणि जीव येताच त्या भडकल्या. “मग चिठ्ठीवर ‘लोखंड’ लिहायला शाई कमी पडत होती का?”

“आणि माझ्या मालाचं काय?” आइसक्रीमवालीने बोट दाखवलं. एवढा वेळ झाकण उघडं राहिल्याने वरचे सगळे डबे पातळ झाले होते.

पण जावयाला आइसक्रीम दिसत नव्हतं. त्याला दांड्याचा गारवा वितळताना दिसत होता! तान्ह्या पोराला उचलावं तसा त्याने तो छातीशी धरला आणि छाती बधिर होईपर्यंत पळत वर्कशॉप गाठलं. स्टोव्हवर तेलाच्या पातेल्यात दोन्ही बेअरिंगं तयारच होती.

“आता कोणी बोलायचं नाही! दहा सेकंदच आहेत!”

“अहो, पण आधी ते…”

“एक शब्द नाही!”

बायकोने तोंड मिटलं. त्याने जाड हातमोज्यांनी पहिलं बेअरिंग उचललं, दांड्यावर धरलं. सर्रर्र… टक्! दुसरं. सर्रर्र… टक्! खरंच बसली! सर्वांत मोठा धक्का खुद्द जावयालाच बसला. थंड झाल्यावर त्याने जोर लावून ओढून पाहिलं. केसभर हलेनात!

“हं, बोल आता,” तो ऐटीत म्हणाला.

“आता काय बोलायचं?” म्हणत बायको चहा टाकायला गेली.

बरोब्बर पाचला सासरे आले. वाकून त्यांनी बेअरिंगांवरून बोट फिरवलं. घाव नाही, ओरखडा नाही. ते तसेच वाकून म्हणाले, “चाळीस वर्षं मी नुसता ठोकत बसलो हो!”

आणि हात कमरेकडे गेला! किल्ल्या निघाल्या! टेबलावर आल्या! जावयाला कानात सनई ऐकू यायला लागली.

बायकोने वडिलांपुढे चहा ठेवला. सासऱ्यांनी कप उचलला. मग थांबून खालची बशीही उचलली. बशी भलतीच जड होती. मधोमध भोक होतं, कडेला स्क्रूची सहा भोकं.

“हे पुढचं कव्हर,” ते हळूच म्हणाले. “हे दांड्यावर आधी चढतं. बेअरिंग त्याच्यानंतर. आता एका बाजूला दांड्याचं रुंद डोकं, दुसऱ्या बाजूला बेअरिंगं. हे घालणार कुठून?”

जावयाने बायकोकडे पाहिलं.

“एक शब्द नाही म्हणालात,” ती म्हणाली.

“दोन्ही उतरवावी लागतील,” सासऱ्यांनी ओढून पाहिलं. “पण ओढून निघायची नाहीत. फारच छान बसवलीत. लेथ विकायची म्हटलं तरी आधी जुळवावी लागेल.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “हातोडा कुठाय?”

हातोडा परत मिळवण्यासाठी जावयाला फ्रीजर पुसावा लागला, डबे धुवावे लागले आणि मास्तरीणबाईंच्या घरी जाऊन माफी मागावी लागली. तासाभराने तो आला, तेव्हा किल्ल्या खिळ्याला टांगल्या होत्या. त्याचे डोळे चमकले. हात पुढे गेला.

किल्ल्यांना चिठ्ठी बांधली होती. अक्षर सासऱ्यांचं.

‘आज संध्याकाळी पाचला काढल्या. हात लावू नये.’