वर्ज्य फळ

नवऱ्याच्या कोलेस्टेरॉलच्या नव्या गोळ्यांच्या खोक्यातलं पत्रक हिल्काने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि जाहीर केलं, "ग्रेपफ्रूट बंद."

"मी ते कधी खाल्लंय?" ताउनोने विचारलं.

"म्हणून तर सोपं आहे."

जन्मात न खाल्लेलं ते पपनसाच्या जातीचं फळ ताउनोने त्या दिवसापासून कायमचं सोडलं. लोणी सोडायचा विषय निघाला तेव्हा मात्र तो राय धान्याच्या काळ्या पावाकडे असा बघत राहिला, की हिल्काने लोण्याऐवजी बिअर बंद केली. शनिवारी वल्ही मारून झाल्यावर नावेतले सगळे पुरुष सॉनाच्या गरम वाफेत बसत. तिथे त्याच्यासोबत आता तयार पेयाचे करडे डबे जाऊ लागले. त्यात जिन, सोडा आणि कसल्याशा आंबट फळाचा रस असे.

"फळ आहे त्यात. हृदयाला बरं," हिल्का म्हणाली. तिचं बघून बाकीच्या बायकांनीही आपापल्या नवऱ्यांची बिअर तोडून त्यांच्या हाती तेच डबे दिले. पिएलिनेन सरोवराच्या काठावर पन्नाशीनंतर कोलेस्टेरॉलची गोळी बहुतेक पुरुषांना सुरू होते, फक्त त्याबद्दल कोणी बोलत नाही.

'स्नायू दुखले तर लगेच कळवा,' असं नर्सने बजावलं होतं. पण दुखणं लगेच कळवायची ताउनोच्या गावात पद्धत नव्हती. आधी लाकडं फोडून पाहायची, मग सॉनात घाम काढायचा, तरी राहिलं नाही तर वसंतापर्यंत थांबायचं. शिवाय गावागावांमधली होड्यांची शर्यत तोंडावर आली होती. चर्चला जायच्या त्या जुन्या लांब नावेत तिसऱ्या बाकावर ताउनोचा बाप बसायचा, आता ताउनो बसत होता. सुकाणूवरचा आर्मास आजारी माणसाला काठावर बसवी, आणि एकदा काठावर बसलेला माणूस पुन्हा नावेत आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. ताउनोचे खांदे दुखू लागले, मग मांड्या. तो वल्ही मारत राहिला.

सरावात नाव दिवसेंदिवस हळू चालू लागली.

"नाव जड झालीय," आर्मासने निदान केलं. सगळ्यांनी मिळून नाव उलटी केली, तळ खरवडला, नवं डांबर फासलं. त्याने अंग आणखी दुखलं. म्हणून सॉना लांबला, आणि सॉना लांबला म्हणून डबे वाढले. नाव आणखी हळू झाली.

एका सकाळी ताउनोने कॉफीचा कप दोन्ही हातांनी उचलला.

"बाळ आहेस का तू?" हिल्काने विचारलं.

"गरम आहे."

"कधीची थंड झालीय. चल, ऊठ."

बाजारहाट उरकून तिने त्याला औषधांच्या दुकानात उभं केलं. तिथल्या बाईंनी शांतपणे सगळं विचारून घेतलं: कुठे दुखतं, कधीपासून, लघवी गडद होते का. मग म्हणाल्या, "ग्रेपफ्रूट खाता?"

"आमच्या घरात त्याचं नावसुद्धा निघत नाही," हिल्का ताठ मानेने म्हणाली आणि हातातली जड पिशवी काउंटरवर टेकवली. पिशवी कलंडली. एक करडा डबा गडगडत बाईंच्या पुढ्यात जाऊन थांबला.

बाईंनी तो उचलून फिरवून वाचला. "हे कोणासाठी?"

"ह्याच्या हृदयासाठी."

"ह्यात ग्रेपफ्रूटचाच रस आहे. त्याने तुमची ही गोळी अंगात साचत जाते. आरोग्यकेंद्राला मी आत्ताच फोन लावते. आज रक्त तपासतील, आणि गोळीचं पुढे काय करायचं ते डॉक्टर सांगतील. तोवर वल्ही मारायची नाहीत."

रक्त देऊन परतताना गाडीत हिल्का चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरं वाचत बसली. ताउनोला मनातून समाधान होतं. ते घरापर्यंत टिकलं. मग त्याला तिसरा बाक आठवला.

शनिवारी सॉनात तो डबा न घेता बसला. तापल्या दगडांवर त्याने पाणी टाकलं आणि वाफेच्या आडून म्हणाला, "मी शर्यतीत नाही. अंग दुखतंय. गोळीमुळे."

कोणीतरी दगडांवर आणखी पाणी टाकलं.

"जिना उतरताना जास्त?" वरच्या बाकावरून आवाज आला.

"हो."

"हात वर केला की?" दुसरा आवाज.

"हो."

"मला वाटलं, म्हातारपण," तिसरा म्हणाला. मग सगळे एकदम हातातल्या डब्यांकडे बघू लागले. ताउनोने दुकानातल्या बाईंचं म्हणणं सांगितलं. आर्मासने आपला डबा हळूच खाली ठेवला.

"म्हणजे नाव ठीक होती," तो म्हणाला.

सोमवारी आरोग्यकेंद्राचा फोन दिवसभर लागत नव्हता. सगळ्यांचं रक्त तपासलं गेलं, गोळ्या बदलल्या गेल्या, आणि अख्ख्या चमूला डॉक्टरांनी काठावर बसवलं. शर्यतीत बायका उतरल्या, आणि त्यांचा नंबर पुरुषांच्या गेल्या वर्षीच्या नंबरापेक्षा बराच वर आला. नावेला नवं डांबर होतंच. तिसऱ्या बाकावर हिल्का होती.

संध्याकाळी सॉनात आधी बायका गेल्या. पुरुष ओसरीवर ताक पीत बसले.

"पुढच्या वर्षी माझा बाक?" ताउनोने विचारलं.

आर्मासने ताकाचा पेला खाली ठेवला. "हिल्काला विचारून बघ."

तेवढ्यात आतून हिल्काची हाक आली. "ताउनो, अजून एक डबा दे रे. आम्हाला काही गोळ्या नाहीत."

ताउनोने नेऊन दिला. एका हाताने. तेवढी सुधारणा झाली होती.