पुढच्या वर्षीची फुंक

विद्यापीठाच्या ओबो-बॅसून कार्यशाळेत, म्हणजे सनईच्या जातीच्या या दोन विलायती वाद्यांच्या वर्गात, वाद्यातून सूर आधी निघतो आणि त्यासाठीची फुंक बरोबर एक वर्षाने मारायची असते. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार त्यासाठी ठरलेला आहे. सकाळच्या सत्रात सगळे वादक गेल्या वर्षीच्या सुरांची फुंक मारतात. तेव्हा काहीच ऐकू येत नाही, कारण जे ऐकू यायचं ते येऊन गेलेलं असतं. जेवणानंतर वाद्यं मांडीवर आडवी ठेवून नुसतं बसायचं. मग एकेका वाद्यातून पुढच्या वर्षीचा सूर निघतो. ज्याचं वाद्य वाजत नाही तो पुढच्या वर्षी नसतो, असा आजवरचा अनुभव. त्याला शाल आणि नारळ देतात आणि यादीतून नाव कमी करतात, म्हणजे नाश्त्याला उगाच एक प्लेट जास्त यायला नको.

निकाल परीक्षेच्या आधी लावणारा विद्यापीठातला हा एकमेव विभाग, असं कक्ष अधिकारी बावडेकर अभिमानाने सांगतात.

गेल्या वर्षी सेलिना तुस्कानो यांचा ओबो वाजला नाही.

सेलिनाबाई वसईच्या. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, वय चौसष्ट. एकोणीस वर्षं त्या या कार्यशाळेला येत होत्या आणि एकोणीस वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर यशवंत धुमाळ असायचे. धुमाळ पोलीस बँडमधले निवृत्त हवालदार, राहणार फलटण. संचलनात चालता चालता बॅसून वाजवलेला माणूस. अर्ध्या ओळीत दम घेणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांचा बॅसून वाजला खरा, पण रडतखडत. दर अर्ध्या ओळीला सूर तुटत होता, मधेच बोटं अडखळत होती. चार मिनिटं हा प्रकार चालला आणि धुमाळांचा चेहरा पार उतरला. सेलिनाबाई शाल घेऊन परत आल्या तेव्हा ते म्हणाले, "बाई, तुम्ही जाणार ह्ये वाईटच. पण मी मागं राहून असा वाजवणार असंन, तर माझंबी काय खरं न्हाई."

मरणार असलेल्या माणसाला त्यावर हसू आलं. धुमाळांशी बोलताना त्यांना नेहमीच बरं वाटायचं.

घरी गेल्यावर सेलिनाबाईंनी आवराआवर केली. कोंबड्या शेजारणीला दिल्या. चष्म्याचा नंबर वाढला होता, तरी नवा चष्मा केला नाही. फादरना सांगून ठेवलं. रोज सकाळी डोळे उघडले की त्यांना आधी भीती वाटायची आणि मग चहाची आठवण व्हायची. पावसाळा गेला, दिवाळी गेली, रक्तदाब अगदी औषधालाही वाढेना. आणि नोव्हेंबरात फोन आला तो धुमाळांचा. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मागच्या पडवीत सराव करता करता गेले. वर्षभर ते दोन वेळा सराव करत होते, म्हणे.

सेलिनाबाईंना रडू यायच्या आधी शरमल्यासारखं झालं. जणू रांगेत त्यांचाच नंबर होता आणि त्या बाजूला सरकल्या होत्या.

या फेब्रुवारीत त्या आल्या, पण दाराशी बावडेकरांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.

"मॅडम, तुम्ही?"

"मी."

"तुमचं नाव कमी केलंय."

"पण मी आहे."

"ते दिसतंय मला. पण शाल घेतलीत ना तुम्ही?"

"घेतली. परत आणलीय."

"परत घ्यायची तरतूद नाही," बावडेकर म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी सेलिनाबाईंना एक खुर्ची दिली आणि ती भिंतीकडेला ठेवायला सांगितली.

एवढ्यात धुमाळवहिनी आल्या. एसटीने आल्या होत्या, बॅसूनची पेटी कडेवर घेतल्यासारखी धरून. त्यांनी ती टेबलावर ठेवली. "ह्ये न्या तुमचं. घरात ठेवलं की कुणीतरी गप बसलंय असं वाटतंय."

बावडेकरांनी यादी पाहिली. धुमाळ मयत होते, पण यादीत होते, कारण त्यांचं वाद्य वाजलेलं होतं. तुस्कानो यादीत नव्हत्या, पण हयात होत्या. बावडेकरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. यादी तीच होती.

"गेल्या वर्षी या बॅसूनमधून चार मिनिटं सूर निघालाय. सभागृहाने ऐकलाय," ते म्हणाले. "त्याची फुंक आज पडायलाच हवी."

"नाही पडली तर?" सेलिनाबाईंनी विचारलं.

"तसं आजवर झालेलं नाही. माझ्या निवृत्तीला सात महिने राहिलेत, मॅडम. माझ्या काळात ते व्हायला नको."

वहिनी पेटीवर हात ठेवून उभ्या होत्या. "ह्येंनी तर वर्षभर जीव काढला त्यापायी. 'मी असा वाजवीन व्हय?' एवढंच. जेवताना तेच, झोपताना तेच. अर्ध्या वळीत दम लागतोय म्हंजे छाती गेली माझी, म्हणायचे. डाक्टर म्हणला छाती चांगलीय, तर डाक्टरवरच चिडले."

सेलिनाबाई 'अर्ध्या वळीत दम' या शब्दांपाशी अडल्या. ओबोला हवा अगदी थोडी लागते. ओबो वाजवणाऱ्याला हवा पुरून उरते, ती कुठे सोडावी हाच त्याच्यापुढचा प्रश्न. बॅसून मात्र हवा बादलीने पितो. जन्मभर ओबो वाजवलेल्या माणसाने बॅसून तोंडाला लावला, तर दर अर्ध्या ओळीला त्याचा दम संपणार. बोटंही अडखळणार, आणि ती नेमकी तिथेच, जिथे गेल्या वर्षी अडखळली होती.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "ते धुमाळ नव्हते. ती मी होते."

बावडेकरांनी पेन खाली ठेवलं. एका माणसाला वर्षाला एकच फुंक, हा नियम त्यांना पाठ होता. बाईंची या वर्षीची फुंक बॅसूनमध्ये जायची होती, म्हणून तर गेल्या वर्षी त्यांचा ओबो गप्प राहिला. सगळं जागच्या जागी बसलं. बावडेकरांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी स्वतः उठून चहा सांगितला.

वहिनी मात्र खाली बसल्या. "म्हंजे त्येंनी तसं वाजवलंच नव्हतं?"

"नाही."

"मग येवढा सराव... त्येंना कळाया पायजे हुतं, बाई. सांगायचं ऱ्हाऊन गेलं की ओ."

आपण करणार होतो त्या चुकांची लाज एक भला माणूस वर्षभर उरावर घेऊन फिरला आणि तशीच घेऊन गेला, हे सेलिनाबाईंच्या फार जिव्हारी लागलं. त्यांनी बॅसून जोडला, गळ्यात पट्टा घातला आणि फुंक मारली. निदान नीट तरी वाजवू, असं त्यांच्या मनात होतं. जमलं नाही. ऐकून झालेला सूर बदलत नाही. ठरल्या जागी दम संपला, ठरल्या जागी बोटं अडखळली, आणि चार मिनिटं सभागृहात काहीही ऐकू आलं नाही.

जेवणानंतर बावडेकरांनी सेलिनाबाईंचं नाव यादीत पेनने घातलं. खुर्ची भिंतीपासून हलून पुन्हा जुन्या जागी आली. शेजारी धुमाळांचा बॅसून मांडीवर घेऊन वहिनी बसल्या.

एकेक वाद्य वाजत गेलं. सतरा वाजली, आणि ज्याची त्याची फुंक सुरातून ओळखू येत होती. बॅसून वाजला नाही. त्याची कुणी अपेक्षाही केली नव्हती.

शेवटी सेलिनाबाईंचा ओबो वाजला. बावडेकर त्यांच्याकडे बघून हसले, आणि मग हसायचे थांबले.

सूर घोगरा होता, जाड होता. ओबोच्या चिमुकल्या तोंडात कुणीतरी परेड मैदानाची हवा कोंबत होतं. स्वर खाली घसरत होते, मधेच किंचाळत होते. पण पहिली ओळ संपली, दुसरी संपली, तिसरी संपली, तरी दम कुठेच तुटला नाही.

बॅसूनवरचा वहिनींचा हात थांबला. "ह्ये तर..."

"हो," सेलिनाबाई म्हणाल्या. "तेच."

सूर थांबल्यावर बावडेकर जवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, तुम्ही पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या वाद्यात फुंकणार असाल. या वर्षीसारखं."

"सतराही नीट ऐकली मी. त्यात माझी फुंक कुठेच नव्हती."

बावडेकरांना ते मान्य करावं लागलं. त्यांनी पुढच्या वर्षीची यादी काढली आणि लिहिलं: ओबो, तुस्कानो यांचा. फुंक, धुमाळ. मग थोडा विचार करून कंसात 'मयत' असं लिहिलं, आणि वहिनींना विचारलं, "चहा कसा घेतात?"

"बिनसाखरंचा."

त्यांनी तेही लिहिलं.

"मी आलेलं चालंल का सकाळी?" वहिनींनी विचारलं. "त्येंना ओबो धरायचा कसा ठाव न्हाई. कुणीतरी बघाया पायजे."

"तुम्ही याच. पाहुण्यांत नाव घालतो."

सेलिनाबाईंना भीती वाटत होती. गेलं वर्षभर वाटली तेवढीच. पण या खेपेला तिला सोबत होती. त्यांनी वहिनींना ओबोचे तीन तुकडे कसे जोडायचे ते दाखवलं. मग चाकू काढून एक नवी रीड, म्हणजे ओबोच्या तोंडाशी बसणारी वेताची पत्ती, तासायला घेतली. चांगली तासली आणि नंतर मुद्दाम डावीकडून जरा जास्तच खरवडली. तसा घोगरा सूर अशाच रीडमधून येतो. एरवी असली रीड त्यांनी केराच्या टोपलीत टाकली असती. ती त्यांनी डबीत ठेवली आणि डबी वहिनींच्या हातात दिली.

"फुंकण्याआधी ही कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवायची. विसरू नका."

"न्हाई विसरत."

"आणि वाजवून झालं की त्यांना काहीच ऐकू येणार नाही. वाटेल त्यांना, आपलं पुन्हा चुकलं. लगेच सांगा. म्हणावं, बाईंनी गेल्याच वर्षी ऐकलंय. एकदाही दम तुटला नाही. छान वाजवलंत. आधी ते सांगा, मग चहा द्या."

"आधी त्येच सांगते," वहिनी म्हणाल्या. फलटणची गाडी लागायला अजून अर्धा तास होता, म्हणून त्यांनी सेलिनाबाईंना ते सगळं पुन्हा एकदा, सावकाश सांगायला लावलं.