पीस लिली आणि एक चमचा पाणी

झाडांच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस आमच्या अख्ख्या ऑफिसात नाही, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. बढाई नाही, वस्तुस्थिती! आता ही वस्तुस्थिती घरी सांगितली की बायको बाल्कनीतल्या रिकाम्या कुंड्यांकडे बोट दाखवते. तिथं एके काळी गुलाब होता, जाई होती आणि एक निवडुंगही होता. "निवडुंग वाळवून दाखवणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. चालायचंच! पिकतं तिथं विकत नाही.

आमची कंपनी वजनकाटे विकते. तिथं माझं टेबल झेरॉक्सच्या मशीनला चिकटून होतं. मशीन दिवसभर माझ्या मानेवर गरम फुंकर घालायचं आणि जो तो माझ्यापुढे कागद टाकून म्हणायचा, "एवढं काढून द्या ना, तुम्ही जवळच आहात!" जवळ असण्याची एवढी मोठी शिक्षा दुसऱ्या कोणाला झाली नसेल. माझी नजर असायची ती खिडकीजवळच्या टेबलावर. वारा, उजेड, खाली रस्त्यावरची रहदारी! तिथले गृहस्थ निवृत्त झाले आणि टेबल रिकामं झालं, तेव्हा मला रात्री झोप लागेना.

आणि एके दिवशी आमचे साहेब स्वतः एक कुंडी कवटाळून आत आले. हिरवीगार तकतकीत पानं आणि मधूनच वर आलेली पांढरी शुभ्र फुलं.

"ही पीस लिली," साहेब म्हणाले. "नीट जपली तर वर्षानुवर्षं फुलते. खिडकीपाशी ठेवू या. जो हिला जपेल, त्यानं खिडकीजवळच्या टेबलावर बसावं."

आमच्या स्टोअरकीपरला सगळे कुलूप म्हणतात, कारण त्याचं तोंड वर्षातून एकदाच उघडतं. त्याचा हात अर्धा वर आला होता. माझा पूर्ण वर होता!

"तुम्हाला झाडांचा अनुभव आहे?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, आमच्या घरच्या कुंड्यांची चर्चा सगळ्या बिल्डिंगमध्ये आहे!"

हे अक्षरशः खरं होतं.

खिडकीजवळच्या टेबलावर बसल्याबरोबर, पहिल्याच दिवशी मी माझी पद्धत ठरवली. घरातली झाडं तहानेनं मरत नाहीत, जास्त पाण्यानं मरतात, असं मी कुठंतरी वाचलं होतं. मातीत बोट खुपसून पाहिलं, तर माती ओली! म्हणून रोज सकाळी एक चमचा पाणी, मोजून एक! आणि थोड्या गप्पा. दुसऱ्या दिवशी बोट खुपसलं, माती ओलीच. आठवड्यानंतरही ओलीच! एका चमच्यात एवढा ओलावा टिकतो, हे पाहून मला माझंच कौतुक वाटलं. मातीचा रंगही हळूहळू गडद तपकिरी, दमदार होत गेला. कुंडीवर मुंग्यांची रांग लागली. मुंग्या उगाच कुठं जात नाहीत, झाडात काहीतरी सत्त्व असल्याशिवाय!

लिली अशी फुलली, अशी फुलली, की येणारं गिऱ्हाईक काटा राहू दे, झाड विकता का म्हणून विचारू लागलं. साहेबांनी सर्वांसमोर माझी पाठ थोपटली. मी 'एक चमचा पाणी आणि चार शब्द' या विषयावर जेवणाच्या सुट्टीत भाषणही दिलं. आमच्या हिशेबनीस बाई एरवी एका पैशाचाही घोळ सहन करत नाहीत, पण माझं भाषण ऐकताना त्यांचे डोळे पाणावले. "तुमच्या हाताला गुण आहे हो," त्या कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "नाहीतर हे झाड केव्हाच..." आणि पदर डोळ्यांना लावून निघून गेल्या. मला वाटलं, भाषण फारच चांगलं झालं. साहेबांनी तर फर्मान काढलं की माझ्याशिवाय कोणीही कुंडीत पाण्याचा थेंब टाकायचा नाही.

आता आमच्या चहाबद्दल सांगायला हवं. ऑफिसात चहा करायचे काका. काका म्हणजे साहेबांचे चुलतसासरे. राहायचेही साहेबांकडेच. माणूस देवासारखा, आणि चहा? तो चहा एकदा प्यायलेला माणूस पुढं कारल्याचा रस मागून घेईल! काय घालायचे कोण जाणे, पण त्यात साखर, तिखट आणि जळकं दूध एकाच वेळी लागायचं. तक्रार करणार कशी? काका कप ठेवून जायचे, थोड्या वेळानं गोळा करायला यायचे, आणि कपात घोटभर जरी उरला असला तरी त्यांचा चेहरा असा पडायचा की बघवायचं नाही. "आवडला नाही का रे?" एवढंच विचारायचे. मी आपली डॉक्टरांनी चहा बंद केलाय अशी थाप मारून ठेवली होती आणि चहाच्या वेळी खाली पाय मोकळे करायला जायचो. बाकीच्यांचे कप मात्र नेहमी स्वच्छ रिकामे असायचे. त्यांच्या सहनशक्तीला मी मनातल्या मनात नमस्कार करायचो.

मग काकांचे गुडघे दुखू लागले आणि ते घरी बसले. त्यांच्या जागी एक मावशी आल्या. त्यांचा चहा म्हणजे, काय सांगू! पहिल्या दिवशी कुलूप उघडलं! "वा!" असं स्पष्टपणे म्हणालं. माझ्या डॉक्टरांनीही त्याच दिवशी चहाला परवानगी दिली. लोक कप चाटूनपुसून पिऊ लागले.

आणि तिकडं माझ्या लिलीनं मान टाकली.

आधी एक पान, मग दोन, आणि मग सगळं झाडच कुंडीच्या कडेवरून असं लोंबू लागलं की जणू कोणी ओले टॉवेल वाळत घातलेत. मी घाबरलो. पण डोकं शाबूत ठेवलं. जास्त पाण्यानं झाडं मरतात, म्हणजे हिला पाणी जास्त होतंय! मी चमच्याचा अर्धा चमचा केला. गप्पा दुप्पट केल्या. लिली आणखी खाली गेली. मी पाव चमच्यावर आलो आणि तिला विनोद सांगू लागलो. विनोद ऐकून तिचं शेवटचं उभं फूलही आडवं झालं!

रात्री जेवताना घास उतरेना. बायकोनं विचारलं, "अहो, झालंय काय?" मी सगळं सांगितलं.

"मग पाणी घाला ना तिला!"

"तुला यातलं शास्त्र कळत नाही."

"निवडुंगाच्या वेळीही हेच म्हणाला होतात," असं म्हणून तिनं मला आमटी वाढली.

ऑफिसात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचा चेहराही हल्ली उतरला होता, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. झाडाची एवढी काळजी! मला गलबलून आलं.

"उद्या मोठे मालक येणार आहेत," ते म्हणाले. "त्यांना झाड दाखवायचंय. उद्या ते उभं दिसलं पाहिजे. नाहीतर तुमचं टेबल परत मशीनजवळ."

बाहेर येऊन बघतो तर कुलूप टेप घेऊन माझं खिडकीजवळचं टेबल मोजत होतं! मला बघून टेप खिशात टाकला आणि निरागसपणे आढ्याकडे पाहू लागलं. परत ती गरम फुंकर! परत 'एवढं काढून द्या ना'! मी फूटपट्ट्या आणल्या, सुतळी आणली आणि एकेका पानाला फूटपट्टीचा टेकू देऊन बांधलं. झाड उभं राहिलं, पण बघणाऱ्याला वाटावं, अपघात विभागात आणलंय.

शेवटी शास्त्र गुंडाळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचलो. पिशवीतून पाण्याची मोठी बाटली काढली, इकडंतिकडं पाहिलं आणि कुंडीवर वाकवली. थेंब पडणार, इतक्यात मागून किंकाळी आली!

"अहो, काय करताय? जीव घ्याल तिचा!"

हिशेबनीस बाई! त्यांनी धावत येऊन माझ्या हातातली बाटलीच ओढून घेतली. गलका ऐकून जिन्यातून कुलूप धावत आलं, मावशी आल्या आणि पाठोपाठ साहेबही आले.

"साहेब, हे बाटलीभर पाणी ओतत होते!" बाई म्हणाल्या आणि एकदम हुंदका देऊन खुर्चीत बसल्या. "पण यांना कशाला बोलू? पाप माझंच आहे! काकांचा चहा मी रोज या कुंडीत ओतायचे. यांनी बिचाऱ्यांनी चमच्या-चमच्यानं तिला जगवलं, पण शेवटी माझं विष भिनलंच!"

मग कुलूप उघडलं. "मी पण," ते म्हणालं. "दोन्ही वेळचा."

"काय?" बाई किंचाळल्या. "मला वाटलं मी एकटीच!"

"मलाही."

आणि मग साहेबांनी खाकरून घसा साफ केला. "झाड मी आणलं कशासाठी, असं वाटतं तुम्हाला?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "माझ्या केबिनमध्ये ओतायला जागा नव्हती. सासरकडचं माणूस, बोलता येत नाही! हा चहा पिऊनही झाड फुलतंय म्हटल्यावर मला यांच्या चमच्याबद्दल फार आदर वाटायचा."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ओली माती! दमदार रंग! मुंग्या! झाड माझ्या चमच्यावर नव्हतं, सगळ्या ऑफिसच्या चहावर जगत होतं, आणि चहा थांबल्यावर बिचारं तहानेनं कोसळलं होतं. त्याला हवं होतं नुसतं पाणी! हे मी त्या क्षणी सांगायला हवं होतं. पण सगळे माझ्याकडे एवढ्या विश्वासानं बघत होते आणि कुलपाच्या खिशातून टेपचं टोक डोकावत होतं. मी काय सांगितलं ऐका!

"साहेब, झाडाला त्या चहाची सवय लागली होती. तो एकदम बंद केल्यामुळे हे दुखणं आलंय. काकांचा चहा हेच यावरचं औषध!"

साहेबांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो झाडासाठी असेल असं मला वाटलं होतं.

"म्हणजे काकांना परत आणावंच लागेल!" साहेब जवळजवळ ओरडले. "अहो, ते निवृत्त झाल्यापासून दिवसभर घरी चहा करतात! सकाळी उठलो की चहा, अंघोळ झाली की चहा, झोपायला निघालो की चहा! घरात एक कुंडी नाही हो आमच्या!"

काळ्या वर्तुळांचा उलगडा झाला. साहेबांनी गाडी पाठवली, काका आले, आणि गुडघ्यांचं दुखणं विसरून त्यांनी पातेलंभर चहा केला. काकांची नजर चुकवून ते अख्खं पातेलं निवल्यावर कुंडीत गेलं. मालक यायच्या आत फूटपट्ट्यांशिवाय लिली ताठ उभी! मालकांनी झाडाचं तोंड भरून कौतुक केलं, साहेबांनी माझं केलं. खिडकीजवळचं टेबल कायमचं माझं झालं.

"मात्र झाडाचे उपचार आता मी स्वतः करीन," असं म्हणत साहेबांनी कुंडी उचलून आपल्या केबिनमध्ये नेली. "बाकीच्यांना मावशींचा चहा चालू राहील. काकांच्या चहाचे गुण तुम्हाला कळलेत, तेव्हा काका तुमच्याकडेच येत जातील."

तेव्हापासून काका रोज येतात. "डॉक्टरांनी चहा बंद केलाय ना तुझा? मग तुला खास आलं-मिरी घालून!" असं म्हणत कप ठेवतात, स्टूल ओढतात आणि मायेनं माझ्याकडे बघत बसतात. मधूनच चष्मा पुसायला मान खाली घालतात, तेवढाच काय तो वेळ मिळतो. खिडकी उघडी असते, हातात कप असतो. पण नेमकी खाली साहेबांची गाडी उभी असते हो!