एन म्हणजे नको

सगळ्यात आधी खटकलं ते हे, की माझ्या डाव्या पायाला काही कामच नव्हतं.

मी वाकून बघितलं. नव्या कोऱ्या मॅटवर दोनच पेडल. तिसरं कुठे गेलं म्हणून मी सीटखालीही हात घातला (पडलं असेल तर आधी सांगितलेलं बरं, नाहीतर आपल्यावर यायचं).

"क्लच नाहीये का?" मी शेजारी बसलेल्या सेल्समनला विचारलं.

"ऑटोमॅटिक आहे ना, मॅडम." आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखा त्याचा आवाज मऊ होता. "डावा पाय आरामात ठेवा. त्याला विसरूनच जा."

सत्तावीस वर्षं सोबत असलेला पाय विसरायचा कसा, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

मला सोमवारी नोकरीवर रुजू व्हायचं होतं. औषधांची प्रयोगशाळा, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिकडे बस जात नाही. म्हणून गाडी घ्यायची आणि ती मी चालवायची, हे पत्र आलं त्याच दिवशी ठरलं. गाडीही ठरली. छोटीशी, लाल, मागे पंख लावलेली (मला वाटलं होतं टॉवेल वाळत घालायची सोय आहे). शोरूमकडे तयार असलेल्या दोनच होत्या, एक मॅन्युअल, एक ऑटोमॅटिक. संध्याकाळपर्यंत सांगितलं तर रविवारी दारात.

पण नवऱ्याचं घोडं गिअरपाशी अडलं होतं.

"स्पोर्टी गाडी घ्यायची आणि गिअर टाकायचे नाहीत? मग पेटी घे आणि नुसता भाता हलवत बस."

"अरे, पण मला चढावर जमत नाही. गाडी मागे येते."

"सवयीने जमेल."

"सोमवारपर्यंत?"

यावर त्याने पंखावरून हात फिरवला. मग म्हणाला, "दोन्ही चालवून बघू. तुला ऑटोमॅटिक खरंच झेपली तर ती. नाहीतर मॅन्युअल, आणि तू शिकेपर्यंत मी सोडत जाईन तुला."

तो सोडणार म्हणजे मी रोज दुपारी कामावर पोचणार. या माणसाला घरातून निघताना चावी, चष्मा आणि पाकीट ही तिन्ही एका वेळी कधीही सापडलेली नाहीत. आठवड्याभरात माझी नोकरी गेली असती. तेव्हा आज ही गाडी मला झेपायलाच हवी होती.

दोन्ही गाड्या खाली रस्त्यावर आणून ठेवल्या होत्या, आणि मॅनेजरला शेजारी बसवून नवरा मॅन्युअल घेऊन केव्हाच निघाला होता. एव्हाना चक्कर संपवून वर शोरूममध्ये कॉफी पीत बसला असेल, असा माझा हिशेब.

"पी पार्किंगचा, आर रिव्हर्सचा, एन न्यूट्रल, डी ड्राइव्ह," सेल्समन लिव्हरवरची अक्षरं दाखवत म्हणाला. "लक्षात राहील ना?"

मी मान हलवली. (मी घाबरले की मान आपोआप हलते. तीही ऑटोमॅटिकच आहे.)

डी लावला, ब्रेक सोडला आणि गाडी चालू लागली. ॲक्सिलरेटरला मी स्पर्शही केला नव्हता.

"मी काहीही केलेलं नाही," मी आधीच सांगून टाकलं.

"ती अशीच निघते, मॅडम."

दोन सिग्नल, एक चौक आणि एक रिक्षा, सगळं सुखरूप पार पडलं. मला अंगात थोडी हिंमत आल्यासारखं वाटलं. तेवढ्यात रॅम्प आला.

शोरूम होतं पार्किंगच्या उंच इमारतीच्या गच्चीवर. तिथे जायला एक अरुंद रॅम्प गोल गोल फिरत वर जातो. एका वेळी एकच गाडी, दोन्ही बाजूंना भिंत. दुसऱ्या वळणावर इंजिनाचा आवाज चढला. आवाज चढला की क्लच दाबायचा, हे ड्रायव्हिंग क्लासच्या सरांनी माझ्याकडून तीन महिने घोटून घेतलेलं. विसरलेल्या डाव्या पायाला बरोब्बर ते आठवलं. त्याने होता नव्हता तेवढा जोर लावून क्लच दाबला.

तो ब्रेक होता.

भिंतीवर आदळल्यासारखी गाडी जागच्या जागी थांबली. सेल्समनचा चष्मा काचेवर आपटून माझ्या मांडीत येऊन पडला. मागे टायर किंचाळले, मग हॉर्न, मग त्याच्या मागचा हॉर्न, असे खालपर्यंत.

"मी जरा मागे बघून येतो," सेल्समन मी दिलेला चष्मा लावत म्हणाला. "तुम्ही ब्रेकवरचा पाय काढू नका." आणि उतरला. (उतरला म्हणजे पळाला.)

आता गाडीत मी एकटी. ब्रेकवर माझे दोन्ही पाय. हँडब्रेक शोधला तर त्या जागी एक बटण, आणि अनोळखी बटणांना मी हात लावत नाही. उरली ती चार अक्षरं. त्यांचे अर्थ डोक्यातून साफ उडालेले. पण डिग्री घेतलेली बाई मी, विचार केला. आर म्हणजे रिव्हर्स, मागे माणसं आहेत. डी म्हणजे धाव, ते मघाशी बघितलं. पी म्हणजे पुढे, पुढे भिंत आहे. एन म्हणजे नको. नको म्हणजे नको. हलू नको, काही करू नको, अगदी मला हवं तेच.

मी एन लावला आणि समाधानाने ब्रेक सोडला.

गाडी मागे निघाली.

धप्प. मी ब्रेक दाबला आणि आरशात पाहिलं. सेल्समन दोन्ही तळवे डिकीवर रोवून उभा होता, टाय खांद्यावर, तोंड गाडीइतकंच लाल. सगळी गाडी आपल्याच बळावर थांबली आहे अशी त्याची समजूत झालेली दिसत होती.

"मॅडम, पी," तो ओरडला. "पी, पी."

मला धक्काच बसला. इतका वेळ अहोजाहो करणारा माणूस एकदम अगंतुगंवर? पण प्रसंगच तसा होता, आणि त्याचं म्हणणंही बरोबर होतं. माझ्या घशाला कोरड पडली होती. शेजारी पाण्याची बाटली होती. मी दोन घोट प्याले.

"प्याले," मी काच खाली करून सांगितलं. "आता काय करू?"

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मला शब्द सापडत नाही.

"ब्रेक सोडू नका," तो म्हणाला. हॉर्नच्या गोंगाटात मला ऐकू आलं, "ब्रेक सोडू का?"

"तुम्ही कसा सोडाल? ब्रेक माझ्याकडे आहे."

"सोडू नका."

"मी सोडतच नाहीये. तुम्ही गाडी सोडा आणि इकडे या."

"गाडी सोडली तर येईल ना अंगावर."

मागच्या गाडीतल्या काकू खाली उतरून, कमरेवर हात ठेवून, आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होत्या. "नवीन लग्न झालंय का?" त्यांनी सेल्समनला विचारलं.

मी नवऱ्याला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. वर आरामात कॉफी चालली असणार. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पाचव्यांदा मला सोमवार दिसला, त्यात मी दुपारी दोन वाजता प्रयोगशाळेच्या दारात उभी. आठव्यांदा ठरवलं, एकदा उचलला की कबूल करून टाकायचं. नाही झेपली. घे तुझे गिअर.

नवव्यांदा त्याने उचलला.

"अरे, ऐक ना, मला..."

"तू ऐक आधी," तो धापा टाकत होता. "मी खाली रॅम्पवर अडकलोय. एक जास्तीची चक्कर मारायला गेलो आणि हे झालं. वर वळणावर कोणीतरी येडं रस्ता अडवून बसलंय, ना पुढे जातंय ना मागे. या चढावर तीनदा गाडी बंद पडली माझी, मॅनेजर डोळे मिटून बसलाय. आपण ऑटोमॅटिकच घेऊ. असली माणसं रस्त्यावर असताना मॅन्युअल चालवणं शक्य नाही."