कल्ले लाल असलेला मासा

काचेच्या टाकीतल्या एका बोय माशाचा डावा कल्ला उजव्यापेक्षा किंचित जास्त लाल होता. कुंकवाचं बोट चुकून दोनदा टेकावं, इतकाच फरक. परळच्या मत्स्यरोग संशोधन व प्रशिक्षण प्रयोगशाळेतल्या सुमती चित्रे यांनी भिंगातून पाहिलं, तर कल्ल्याला सूज होती. मासा आजारी होता. टाकीतले बाकीचे बोय त्यांनी बोटभर असल्यापासून वाढवले होते, आणि शेजारची टाकी रिकामी होती. पण मासा एका टाकीतून दुसरीत टाकण्याचा अधिकार फक्त संचालकांना होता.

संचालक वीरेंद्रराव कोठारे गिरगावातल्या जुन्या घराण्यातले. त्यांनी बाह्या सारल्या, मासा उचलला, कल्ला उघडला, पोटावर अंगठा दाबला आणि वास घेतला.

"ताजा आहे."

"सर, तो जिवंत आहे."

"मग त्याहून ताजा कुठे मिळणार?"

"कल्ला लाल आहे तो सुजेमुळे."

"सुमतीबाई, आमच्या घरात तीन पिढ्या कल्ला बघून मासा घेतात. कल्ला लाल असल्याची तक्रार आजच ऐकतोय. शिवाय रोग हा विषय दुसऱ्या सत्रात आहे. पहिल्या सत्रात मासा निरोगीच असतो."

"निदान वेगळा तरी ठेवू या."

वीरेंद्ररावांनी घाईने खिडकी लावली. खालून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता. "वेगळं होण्याची भाषा सरकारी कचेरीत नको. वर कळलं तर? त्यापेक्षा समिती नेमतो."

समितीवर स्वतः वीरेंद्रराव, भांडारपाल गंगाधरपंत (शाकाहारी, म्हणून निःपक्षपाती) आणि बाहेरच्या तज्ज्ञ म्हणून वीरेंद्ररावांच्या सासूबाई सुंदराबाई. पहिली बैठक हरताळामुळे बारगळली. दुसरी श्रावणात आली, आणि श्रावणात सुंदराबाई माशाकडे बघतसुद्धा नसत. गणपती उठल्यावर त्या टॅक्सीतून आल्या.

"डोळा पाणीदार, खवला घट्ट," त्या म्हणाल्या. "याला काय धाड भरलीय? भुजण्याला छान होईल."

"मावशी, या टाकीतले काही मेलेत," सुमतीबाई म्हणाल्या.

"मग आत भिजत कशाला ठेवलेत?"

गंगाधरपंतांनी डोळे मिटून अनुमोदन दिलं. मासे उत्तम ठरले.

उत्तम ठरलेला सरकारी माल पुरता येत नाही, विकावा लागतो. त्यामुळे टाकीत जे मरत, ते शिपाई गुणाजी रोज सकाळी टोपलीत घालून दादरच्या बाजारात नेई आणि रिकामी टोपली घेऊन परते.

"बाई, झुंबड पडता," तो म्हणे. "गिरायक कल्लो उघडून बघता, मगे घासाघीससुदा करणा नाय."

एके दिवशी न राहवून सुमतीबाई त्याच्यामागून बाजारात गेल्या. टोपलीवर वाकलेल्या एका बाईला त्यांनी हळूच सांगितलं, "हे घेऊ नका. आजारी आहेत."

बाईने कल्ला उघडला. मग सुमतीबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"शिकलेल्या दिसता," ती म्हणाली. "मासे कधी घेतलेत का?" आणि तिने चार बोय पिशवीत टाकले. पाठीमागच्या रांगेने मान डोलावली. रांग बरीच मोठी होती. त्या हंगामात दादरला बाजारहाट केलेल्या कुठल्याही घराने आपण रांगेत नव्हतो असं छातीठोकपणे सांगू नये.

दुसरं सत्र सुरू झालं तेव्हा टाकीत एकच मासा उरला होता. डावा कल्ला अजून किंचित जास्त लाल. तो संथपणे चकरा मारत होता. शेजारची टाकी तशीच रिकामी होती.

प्रशिक्षणार्थी अर्धवर्तुळात उभे राहिले. वीरेंद्ररावांनी फळ्यावर 'रोग' असं लिहिलं, हात झटकले, टाकीत निरखून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. सुमतीबाईंनी सवयीने जाळी हातात घेतली होती.

"हा मासा आजारी आहे," ते म्हणाले. "सुमतीबाई, बाकीच्यांना लागण व्हायच्या आत याला वेगळा करा."